मेहरूणला भरलेली सभा

मेहरूण, जळगाव
शनिवार, १८ जानेवारी २०२५

पुनम वहिनी,

नमस्कार. पुढं 'विनंती विशेष' लिहिणार होतो. पण ज्या दिरानं दोन वर्षांत तुमच्या दाराची पायरी चढली नाही, त्याला विनंती करायचा अधिकार उरलाय की नाही ठाऊक नाही, म्हणून नुसता नमस्कार.

माझं अक्षर बघून दचकू नका. सगळे धडधाकट आहेत. आजकाल कोण कुणाला पत्र लिहितं, असं दादा म्हणेलच. त्याला सांगा, फोन नानांच्या पिशवीत आहे. माझ्या एकट्याचा नाही, सातही मेंबरांचे. काल सकाळी आपले उपसरपंच रतिलाल नाना गाडी घेऊन दुकानासमोर उभे राहिले. म्हणाले, "चाल योगराज, जरा फिरी येऊत." मी एका मोटरीचं वाइंडिंग अर्धवट टाकून बसलो. आत बघतो तर बाकीचे आधीच बसलेले, मंजुळाबाई खिडकीशी. धुळं गेलं, पारोळा गेलं, तेव्हा कळलं की ही ती सहल आहे.

सरपंच म्हणून तुमच्यावर आणलेल्या अविश्वास ठरावाची नोटीस तुम्हाला मिळाली असेलच. बुधवारी तहसीलदारांसमोर विशेष सभा आहे. ठराव मंजूर व्हायला नवातले सात हात लागतात, एकही कमी चालत नाही. तोवर आम्हाला कुणी फोडू नये म्हणून हा बंदोबस्त. मोठ्या सभागृहातली माणसं लपवायची तर विमान लागतं, समुद्रकिनारा लागतो. आम्हाला मेहरूण. तलावाच्या अंगाला एक मंगल कार्यालय आहे, त्याच्या मागच्या खोल्या. वऱ्हाडाच्या गाद्या, वऱ्हाडाच्या बादल्या. नवरदेव तेवढा नाही.

नानांचं बोलणं ऐकण्यासारखं झालंय. नऊ माणसांची आपली पंचायत. गटारी, नळ आणि खांबावरचे दिवे एवढा तिचा कारभार. पण नाना 'संख्याबळ' म्हणतात, 'गटनेता' म्हणतात, काल जेवताना चक्क 'सभागृहाचा विश्वास' म्हणाले आणि पापड मोडला. इथला आचारी असलम म्हणून आहे. तो दारात येऊन विचारतो, "भाऊ, ही तुमची लोकसभा कधी उठणार? भरीत ठंडं होतंय." भरीत मात्र झकास करतो, खोटं कशाला बोलू?

हे पत्र पेटीत टाकायला त्याच्याच हाती देणार आहे. भला माणूस वाटतो.

मला यात ओढलं, वहिनी. एवढंच सांगायचं होतं. तलावाकडून आलं की पाण्याच्या टाकीनंतर डावीकडं वळायचं, समोर पिवळी कमान दिसते. हे आपलं सहज लिहिलं.

योगराज

•

मेहरूण
सोमवार, २० जानेवारी

वहिनी,

पिवळ्या कमानीतून कुणी आलं नाही. मी वाट बघत होतो असं नाही. पत्र पोचायलाच दोन-तीन दिवस लागतात, हे मला कळतं. तरी काल दुपारी एक गाडी कमानीशी थांबली तेव्हा मी उगाच चप्पल घातली. बोरं विकणारा होता.

इथं करायला काही नाही. फोन नसला की माणसाचे हात कुठं ठेवावेत तेच समजत नाही. पहिला दिवस सगळ्यांनी भिंतीकडं बघून काढला. दुसऱ्या दिवशी बोलायला लागलो. दोन वर्षं झाली निवडून येऊन, पण आपल्या पंचायतीच्या मासिक सभेत काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. शिपाई घरी येतो, सही घेतो, सभा झाली. हे सात जण एका सतरंजीवर समोरासमोर बसून बोलले ते पहिल्यांदाच, आणि तेसुद्धा मेहरूणला. नानांनी फोन काढून घेतले ही त्यांची चूकच झाली, पण ते त्यांना अजून कळलेलं नाही.

बोलण्यातून मंजुळाबाईंनी एक भलतंच काढलं. त्या सगळी सालं निवडणुकीवरून मोजतात. "मनी गाय व्यायनी ती मागली लोकसभाले. सून उनी ती विधानसभाले." मी त्यांची चेष्टा केली. तर मला म्हणतात, "हास नको भाऊ. लोकसभा म्हंजे मतदान, विधानसभा म्हंजे मतदान, झेडपी म्हंजे बी मतदान. मंग ती सभा बसस तरी कोठे?"

मला हसू आलं आणि मग आलं नाही. शाळेत नागरिकशास्त्रात मला नेहमी चांगले मार्क पडायचे, तुम्हाला दादानं सांगितलं असेल. पण या शब्दांचं आपण काय करून ठेवलंय ते त्या बाईनं एका प्रश्नात दाखवलं. लोकसभा हा आपल्याकडं एक उन्हाळा आहे, भोंग्यांचा. विधानसभा म्हणजे चौकातलं पोस्टर. झेडपी म्हणजे रस्त्याचा ठेका. विधान परिषद तर कुणाच्या खिजगणतीत नाही, कारण तिथं आपण शिक्का मारायला जात नाही, म्हणून तिच्या सालात कुणाची गाय व्यालेली नाही. आणि पंचायत? अडचणीत सापडलो की म्हणायचं पंचाईत झाली, शेजारणीनं चौकशी केली की म्हणायचं नसत्या पंचायती कशाला. लोक बसून ठरवतात ती जागा, हा अर्थ कुणाच्या तोंडात राहिलेलाच नाही.

मग मी मंजुळाबाईंना सांगत बसलो. दिल्लीत कोण बसतं, मुंबईत कोण बसतं. शेवटी आपल्या गावावर आलो. म्हटलं, पंचायत ती आपण निवडून आलेल्यांची आणि ग्रामसभा ती गावाची. त्या म्हणाल्या, "ग्रामसभा म्हंजे झेंडानंतरना चिवडा, ती ना?"

"नाही हो. अठरा वर्षांवरचं मतदार यादीतलं सगळं गाव."

"बठ्ठं?"

"बठ्ठं."

"मी मेंबर नही ऱ्हायनी तरी बी? अन मनी सून बी?"

"तुम्ही, तुमची सून, सगळे. मेंबरकी पाच वर्षांची, हे जन्माचं."

त्यांनी चार बोरं निवडून बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, "अन सरपंचले काढानं व्हई तं?" तेव्हा सांगता सांगता माझ्याच ध्यानात आलं. तुम्ही थेट गावानं निवडलेल्या. आमच्या सात हातांनी ठराव मंजूर होईल, पण तो नंतर ग्रामसभेपुढं जाणार आणि तिथं चिठ्ठीनं मतदान होणार. नाना पलीकडं दाढी करत होते. मी त्यांना विचारलं. ते आरशातच हसले. "ग्रामसभा? ती कोठे भरस आपला गावमा? चिवडा खाईसन बठ्ठा घर जातस. मना पन्नास मानसं बसाडसू, झाया काम." मंजुळाबाईंनी बोरांची परडी बाजूला सारली.

आता एक लिहायचं राहिलं. परवा लिहिलं की मला ओढलं, ते तसं नाही. ठरावाच्या नोटिशीवर माझी सही आहे. गाडी येणार हेही ठाऊक होतं. दाढी करून तयारच बसलो होतो.

गायरानावर नानांच्या जावयाला खडी मशिन टाकायचंय, तुम्ही अडवलं, म्हणून त्यांचा राग आहे. माझं मशिनशी काही देणंघेणं नाही. माझं वेगळं आहे. तुम्हाला ठाऊक असेल तर असेल.

योगराज

•

आपलं गाव
गुरुवार, २३ जानेवारी

वहिनी,

आपल्या दोन घरांमधे एक भिंत आहे आणि मी पत्र लिहितोय. सोनगीरला जाऊन पेटीत टाकीन, म्हणजे ते हायवेनं फिरून पुन्हा तुमच्याकडं येईल. हसायचं तर हसा.

काल काय झालं ते तुम्ही पाहिलंच. तहसीलदार म्हणाले, ठरावाच्या बाजूनं असलेल्यांनी हात वर करा. सहा वर गेले. नाना माझ्या मागं उभे होते. हळूच म्हणाले, "तुना हात सातवा शे." जसं काही मला मोजता येत नाही. मी तुमच्याकडं बघितलं नाही. तुम्ही माझ्याकडं बघत होता का, तेही मला माहीत नाही. मग मी हात वर केला. त्यांनी केला नाही, मीच केला.

बाहेर गुलाल होता. नानांनी माझ्याही कपाळाला लावला. घरी आलो तर सुलक्षणानं ताट ठेवलं आणि आत निघून गेली. बायको बोलत नाही, वहिनी बोलत नाही, दादा ओट्यावर बसलेला दिसला आणि त्यानं मान फिरवली. एवढं बहुमत मला आयुष्यात मिळालं नव्हतं.

आता खरं ते सांगून टाकतो. नाना म्हणाले होते, पुनम गेली की पोटनिवडणुकीत सुलक्षणाला उभं करू. मला त्याचाही मोह नव्हता, असं म्हणालो तर खोटं होईल. पण सही केली ती त्यासाठी नाही. आपल्या गावची जागा महिलेसाठी निघाली त्या दिवशी तुम्ही अर्ज भरून आलात आणि मला ते चहाच्या टपरीवर कळलं. दुसऱ्याकडून. या घरात तुम्ही आलात तेव्हा मी आठवीत होतो. माझं लग्न तुम्ही ठरवलंत, दुकानाचं नाव तुम्ही सुचवलंत. आणि एवढी मोठी गोष्ट करताना माझा सल्ला घ्यावासा वाटला नाही. मी अडवलं नसतं, वहिनी. मीच पुढं पळालो असतो. पण विचारलं नाहीत, म्हणून मी दुसऱ्या पॅनलमधून उभा राहिलो, निवडून आलो आणि तुमच्याशी बोलणं टाकलं. किती लहान गोष्ट आहे ही कागदावर.

काल हात खाली घेतला तेव्हा खांदा दुखत होता. वाटलं होतं, मोकळं वाटेल. नाही वाटलं.

योगराज

•

बुधवार, ५ फेब्रुवारी

वहिनी,

परवाच्या शुक्रवारी ग्रामसभा. वेळ सकाळी अकरा. नाना खूश आहेत, कारण सकाळी अकराला गावात म्हाताऱ्यांशिवाय आणि कुत्र्यांशिवाय कुणी नसतं. कांद्याची लागवड जोरात आहे, बाया सूर्य उगवायच्या आत ट्रॅक्टरवर चढतात. दवंडी झाली ती भर दुपारी, तीही नानांच्या गल्लीत. त्यांची पन्नास माणसं ठरली आहेत. बाकी गाव शेतात.

पण मंजुळाबाईंचं काहीतरी चाललंय. त्या रोज लागवडीच्या टोळीबरोबर जाताहेत, सत्तरीला आलेली बाई. रोप लावायला नाही, बांधावर बसून बोलायला. सुलक्षणा त्याच टोळीत असते. दोन आठवड्यांनी ती माझ्याशी पहिलं वाक्य बोलली ते असं, "ग्रामसभामा मी बी शे, हाई तुमीन माले कधी सांगं नही." मी म्हटलं, तू विचारलं नाहीस. ती म्हणाली, "विचारासारखं ठेयलं व्हतं का तुमीन?" आणि भाकरी थापायला लागली.

आज नाना दुकानावर आले. त्यांना कुणकुण लागलीय. म्हणाले, "मंजुळाबाई तुनं ऐकस. तिले सांग, मेंबरनी गट सोडू नये." मी मोटरीच्या तारा गुंडाळत होतो. म्हटलं, "सांगतो." वहिनी, सांगितलं नाही. अजून तरी नाही.

तुम्ही शुक्रवारी काय बोलणार आहात? मला सांगू नका. मी विरोधी बाजूला आहे.

मनात भीती आहे. तुम्ही जाल याची, आणि ते माझ्या हातानं झालं असं उरलेलं आयुष्य या भिंतीच्या अलीकडं बसून ऐकावं लागेल याची. दुसरी भीती जास्त आहे की काय ते मला ठरवता येत नाही.

योगराज

•

शनिवार, ८ फेब्रुवारी

वहिनी,

सुटलो! तुम्ही वाचलात आणि मी सुटलो. काल दिवसभर मला शब्द सुचला नाही, आज सकाळी उठल्या उठल्या हाच आला.

काल तुम्ही टेबलाशी होता, तुमची पाठ रस्त्याकडं. आम्ही मेंबर बाजूच्या खुर्च्यांवर, तोंड रस्त्याकडं. म्हणून मला आधी दिसलं. अकरा वाजत आले होते, मंडपात नानांची माणसं मांडी घालून बसलेली, आणि मारुतीच्या पारापाशी ट्रॅक्टर थांबला. एक ट्रॉली रिकामी झाली, मागून दुसरी. बाया. पायांना चिखल, हाताला कांद्याच्या रोपाचा वास, काहींच्या कमरेला अजून खुरपं. मागून माणसं. पार खालच्या गल्लीतले, आमच्या सोनगीर रस्त्यावरचे, उर्दू शाळेजवळचे. सतरंजी संपली तेव्हा मातीत बसले. मी या गावात जन्मलो, पण एवढं गाव एका ठिकाणी खाली बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. लग्नात गाव उभं असतं, मयताला चालत असतं. बसलेलं नव्हतं पाहिलं.

नाना उठून म्हणाले, मेंबरांनी ठरवलंय, गावानं फक्त शिक्का मारायचा. तेव्हा मंजुळाबाई खुर्चीवरून उठल्या. मला वाटलं, बोलणार. त्या आधी चालत गेल्या आणि बायांच्यात खाली बसल्या. मग बसल्या जागेवरून बोलल्या. "मी मेंबर शे. माले सांगं हात वर कर, मी कया. आते मी आठे गावमा बसेल शे, मेंबर म्हनीसन नही. आते माले कोन सांगनार?"

 सभा चालवायला आलेल्या अधिकारी साहेबांनी चष्मा काढून पुसला.

मग मी उठलो. तुम्ही पाहिलंत की नाही, ठाऊक नाही. मी फार शूर माणूस नाही, मंजुळाबाई आधी उठल्या नसत्या तर बसून राहिलो असतो. पण उठलो, सोनगीर रस्त्यावरच्या लोकांत जाऊन बसलो. नाना माझ्याकडं असे बघत होते, जसं काही मी त्यांच्या चालत्या गाडीतून उतरलो. शेजारच्या माणसानं सरकून जागा दिली. त्याचं नाव फैसल, केळीच्या ट्रकवर असतो, माझा मतदार आहे, आणि मी त्याच्या शेजारी आजवर बसलो नव्हतो.

चिठ्ठीवर कुणाचं काय ते सांगायचं नसतं. तरी सांगतो. पंचायतीत उघड हात वर केला तो तुमच्या विरोधात, आणि काल घडी घालून पेटीत टाकलं ते तुमच्या बाजूनं. याला कुणी मोठेपणा म्हणणार नाही. पण पहिलं मी सातवा हात म्हणून केलं होतं आणि दुसरं योगराज म्हणून केलं.

साहेबांनी ठराव नामंजूर झाल्याचं वाचलं तेव्हा तुम्ही पदर डोळ्यांना लावलात. मी मंडपाच्या मागं गेलो आणि तेच केलं. पदर नसल्यामुळं रुमाल. वहिनी, आपण हरलो म्हणून एवढं बरं वाटतं, हे मला कुणी आधी का सांगितलं नाही? सात जणांनी बिघडवलेलं गावानं बसून नीट केलं. माझी चूक कुणीतरी दुरुस्त केली, आणि मला त्यासाठी फार मोठं काही करावं लागलं नाही, खुर्चीवरून उठून खाली बसावं लागलं एवढंच.

संध्याकाळी दादा दुकानावर आला. शटरपाशी उभा राहून म्हणाला, तुझी पत्रं तिनं वाचली. सगळी. मी विचारलं, मेहरूणचं कधी मिळालं? म्हणाला, मंगळवारी. म्हणजे मतदानाच्या आदल्या दिवशी तुम्हाला पिवळी कमान ठाऊक होती. लोक तुम्हाला म्हणत होते, पोलीस घेऊन जा, योगराजला तेवढा उचलून आणा, ठराव तिथंच पडेल. तुम्ही म्हणालात म्हणे, "ओढीसन आनेल मत माले नको. त्यानं मन व्हई तं तो हात खाले ठेई." मी नाही ठेवला. तरी तुम्ही पुढची पत्रं फोडत राहिलात. याचं मी काय करू ते मला कळत नाही, म्हणून नुसतं लिहून ठेवतो.

सोमवारी मासिक सभा आहे. शिपाई सहीला येऊ नये असं त्याला सांगा, मी येणार आहे. बाकीचेही येतील, आता त्यांना बोलायची सवय लागलीय. आणि आधीच सांगतो, खालच्या गल्लीचा नळ तुम्ही चुकीच्या बाजूनं नेताय. मी विरोध करणार, जोरात करणार. तुम्ही मला खोडून काढा. घरात भांडलो तर दोन वर्षं गेली. तिथं भांडू, ग्रामसेवक लिहून घेईल, चहा येईल, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा भांडू. मला वाटतं, सभा नावाची गोष्ट माणसांनी याचसाठी काढली असेल.

हे पत्र सोनगीरला नेलेलं नाही. तुमच्या ओट्यावर बसून लिहितोय. पायरी चढलो, पण कडी वाजवायचं धाडस होईना, म्हणून खिशातला कागद काढला. मघाशी आतून दादानं विचारलं, "कोन शे बाहेर?"

तुम्ही म्हणालात, "दुसरं कोन व्हई? योगराज शे. कव्हाना लिखी ऱ्हायना. त्याले सांगा, उरेल ते आत येईसन बोल, मी ताट वाढस."

येतो.